तलाव असलेल्या तालुक्याचा परिचय कसा लिहावा : रामटेकचे उदाहरण

शेतीप्रधान तालुक्याचा परिचय बहुधा क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि गावांची संख्या यांपासून सुरू होतो. ज्या तालुक्यात मोठा तलाव आहे, तेथे मात्र लेखन पाण्यापासून सुरू करावे, कारण पीक, मजुरी, मासेमारी आणि तंटे या सर्वांचा उलगडा तेथूनच होतो. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेला रामटेक तालुका आणि तेथील खिंडसी तलाव यांचे उदाहरण येथे घेतले आहे.

प्रथम नकाशा मिळवावा. सूर नदी अडवून इंग्रजी राजवटीत बांधलेल्या या तलावात कोणत्या डोंगरउतारांवरून पाणी येते, कालवा कोणत्या गावांतून जातो आणि पाणी सर्वांत शेवटी कोणाच्या शेतात पोहोचते, हे नकाशावर पेन्सिलीने दाखवावे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या दोन्ही संस्था नागपुरातच असल्याने मातीच्या आणि उपग्रह नकाशांची चौकशी तेथे करता येते.

खिंडसीचे वर्णन करताना लहान मालगुजारी तलाव विसरू नयेत. हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातील असून, मध्य प्रांतात १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे आले. आज सर्वसाधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात आणि त्याहून मोठे राज्य शासनाकडे. गावाचे पाण्यावरचे जुने हक्क आणि रूढी समजून घ्यायच्या असतील, तर तलाठ्याकडे निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (पाणी, मासेमारी, वाट यांविषयीच्या रूढींची नोंद) यांची विचारणा अवश्य करावी; विदर्भातील हे कागद फार थोडे लोक उघडतात, आणि माझ्या मते परिचयाचा सर्वांत मोलाचा भाग त्यांतूनच हाती लागतो.

गावभेटीसाठी किमान दोन हंगाम निवडावेत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी (धानाची लावणी) चालू असताना बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यांमध्ये, पाणी कसे फिरवले जाते, पऱ्हे (रोपे) केव्हा टाकले होते आणि रोवणीला बाया कोठून येतात, हे विचारावे. पाऊस दडी मारतो तेव्हा तलावाचे पाणी केव्हा सोडायचे आणि कोणाच्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) न्यायचे, यावर गावात काय घडते, हेही तेव्हाच कळते. असे प्रश्न चावडीत विचारण्यापेक्षा शेताच्या बांधावर विचारलेले बरे. दुसरी भेट उन्हाळ्यात घ्यावी. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर कोणी पेरणी करतो का, तलावातील गाळ कोणाच्या शेतात जातो आणि ढिवर या मासेमार समाजातील कुटुंबांच्या मासेमारीची व्यवस्था कोणत्या सहकारी संस्थेमार्फत चालते, हे तपशील त्या वेळी स्पष्ट दिसतात. धान उभे असतानाच लाखोळी हे कडधान्य फेकून पेरण्याची पूर्व विदर्भातील पद्धत कोठे टिकून आहे, हे पाहण्यासाठी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे लागते.

पर्यटनाविषयी दोन ओळी पुरेत. रामटेकचा गड, नगरधनचा किल्ला आणि तलावातील नौकाविहार यांची माहिती कोठेही मिळते.

आकड्यांसाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्यावी, कारण तिच्या ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावाचे वनक्षेत्र, पेरणी क्षेत्र आणि सिंचनाची साधने स्वतंत्रपणे दिलेली असतात. ही माहिती जुनी असल्याने तिच्या जोडीला जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन आणि तलाठ्याकडील गाव नमुना ११ वापरावा, ज्यात पिकांखालील क्षेत्राचा गोषवारा असतो. जमिनीची धारणा किती लहान झाली आहे, हे पाहायचे तर खातेदाराच्या नावावरील एकूण जमीन दाखवणारे आठ-अ चे उतारे उपयोगी पडतात. या स्रोतांतील आकडे क्वचितच जुळतात. त्यांची सरासरी काढू नये, प्रत्येक आकड्यासमोर वर्ष आणि कार्यालय लिहावे, आणि तलावाखालील भिजलेल्या क्षेत्राबाबत पाटबंधारे शाखा व महसूल विभाग यांचे आकडे वेगळे निघाल्यास दोन्ही शेजारी-शेजारी छापावेत.