नको तिथे गुठळी होऊ नये म्हणून: शरीराची व्यवस्था आणि तिला साथ देण्याची रीत

बोट कापले की काही मिनिटांत रक्त थांबते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. मात्र रक्त गोठवणारी तीच सामग्री अंगभर सतत फिरत असताना बाकीचे रक्त वाहते कसे राहते, हा खरा अवघड प्रश्न आहे. गुठळी टाळण्यासाठी काय करावे हे नीट कळायचे, तर शरीर आधीपासून काय करते ते पाहावे लागते. कारण आपले काम बहुतांशी त्या व्यवस्थेच्या आड न येण्याचे आहे.

पहिला पहारा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा असतो. जेमतेम एका पेशीच्या जाडीचे हे अस्तर प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड ही रसायने सोडत राहते, त्यामुळे प्लेटलेट, म्हणजे गुठळीसाठी एकत्र येणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, त्याला चिकटत नाहीत आणि एकमेकींनाही बिलगत नाहीत. याच अस्तरावर हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. यकृतात तयार होणारे अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन त्यांना टेकले की रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला निकामी करण्याचा त्याचा वेग कैक पटींनी वाढतो. गुठळी रोखण्यासाठी दिले जाणारे हेपारिनचे इंजेक्शन याच युक्तीवर चालते, म्हणजे ते रक्त ‘पातळ’ करत नाही, तर शरीराच्याच पहारेकऱ्याला चपळ करते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते थ्रॉम्बिनचे वागणे. जखमेपाशी ते फायब्रिनचे धागे तयार करून गुठळी पक्की करते. पण वाहत वाहत शेजारच्या निरोगी अस्तरावर पोहोचले आणि तिथल्या थ्रॉम्बोमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडले गेले, की तेच थ्रॉम्बिन रक्तातले प्रोटीन सी हे गोठणे आवरणारे प्रथिन जागे करते. हे प्रोटीन सी मग प्रोटीन एस या साथीदार प्रथिनाच्या मदतीने गोठण क्रियेतल्या पाचव्या आणि आठव्या क्रमांकाच्या घटकांचे तुकडे करते, आणि गुठळी जखमेपुरतीच राहते. काही जणांच्या पाचव्या घटकात जन्मतःच असा बदल असतो की तो प्रोटीन सीला सहजी दाद देत नाही. 1994 साली उलगडलेला हा दोष नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या नावाने ओळखला जातो. एवढ्यावरही गुठळी झालीच, तर प्लाझ्मिन हे विकर तिचे धागे तोडून विरघळवते, आणि त्या तुकड्यांचाच अंदाज रक्ताच्या डी-डायमर तपासणीत घेतला जातो.

ही सारी रसायने कामी येण्यासाठी रक्त वाहते असावे लागते, आणि आपला हात पोहोचतो तो इथेच. पायातले रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू आणि नीलांमधल्या, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमधल्या, झडपा करतात. झडपेचे काम स्वतःच्या हातावर पाहता येते. हात खाली सोडून पंजाच्या मागच्या बाजूची फुगलेली शीर निवडावी, तिच्यावर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे शीर निपटत न्यावी. दुसरे बोट उचलले तरी मधल्या झडपेपर्यंतचा भाग सपाटच राहतो. पहिले बोट काढताच तो खालून भरतो. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली याच धर्तीच्या प्रयोगाने रक्ताची एकदिशा वाट दाखवली होती. पायातल्या गुठळ्यांची सुरुवात पुष्कळदा अशाच झडपांच्या मागे, रक्त रेंगाळते त्या खोबणीत होते.

म्हणून चार तासांहून लांबचा प्रवास असो वा बैठे काम, तासा-दोन तासांनी उठून थोडे चालावे. उठणे शक्य नसेल, तर पाऊल जमिनीवर टेकवून टाच वर उचलावी, मग टाच टेकवून चवडा उचलावा, आणि असे वीस-तीस वेळा करावे. पोटरीवर तळवा ठेवला तर ती घट्ट होऊन सैल पडताना जाणवते, आणि तसे जाणवत नसेल तर हालचाल अपुरी आहे असे समजावे. पायावर पाय टाकून फार वेळ बसू नये, पाणी पुरेसे प्यावे. धूम्रपान सोडावे, कारण त्याने अस्तरालाच इजा होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी देताच चालायला लागावे. दुखते म्हणून पडून राहणे महागात पडू शकते.

हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व रक्त गोठवणाऱ्या घटकांना लागते, पण गोठणे आवरणारी प्रोटीन सी आणि एस तयार व्हायलाही तेच लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे गुठळीच्या भीतीने हिरव्या पालेभाज्या सोडणे निरर्थक आहे. वॉरफरिन हे के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून गुठळी रोखणारे औषध घेणाऱ्यांनीही त्या बंद न करता त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर तिला चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते, तेव्हा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे गेल्यावर अलीकडची शस्त्रक्रिया किंवा अंथरुणाला खिळलेले दिवस, गर्भारपण किंवा नुकते झालेले बाळंतपण, इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार आणि जवळच्या नात्यात कोणाला झालेली गुठळी, यांपैकी जे लागू असेल ते विचारण्याआधीच सांगावे.