येझदीला ग्राइंडर लावण्याआधी
येझदी मोटरसायकल बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. त्यामुळे जुन्या येझदीचं मडगार्ड किंवा चासीची शेपटी एकदा कापली की तसाच मूळ भाग पुन्हा मिळवणं जिकिरीचं. मडगार्ड-शेपटी छाटून केलेल्या ‘बॉबर’ बाइकचा मोह आवरा. आधी इंजिन आणि चासी नंबर आरसीशी पडताळा. खोलताना फोटो काढा (वायरिंगचे जरा जास्तच), नटबोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मूळ रंग हवाय? सीटखाली, टाकीच्या पोटाशी बघा. तिथे ऊन लागत नाही, शेड बऱ्यापैकी शाबूत असते. पेंटरला तोच नमुना दाखवा. कार्ब्युरेटर गळतो म्हणून भंगारात देऊ नका, बरेचदा गॅस्केट आणि नीडल बदलून भागतं. आणि किक मारायला नि गिअर बदलायला लागणारा तो एकुलता लिव्हर जिवापाड जपा.