इकारिया बेटावर जाताना: आधी बंदर पाहा, मग खोली

पूर्व एजियन समुद्रातील इकारिया या ग्रीक बेटावर खोली आरक्षित करण्यापूर्वी आपली बोट कोणत्या बंदराला लागणार आहे, हे तिकिटावर नीट पाहून घ्यावे. दक्षिण किनाऱ्यावरचे आयिओस किरिकोस आणि उत्तरेकडचे एव्हदिलोस ही दोन्ही बंदरे नकाशावर जवळ भासली, तरी त्यांच्यामध्ये हजार मीटरहून उंच असा अथेरास डोंगर आडवा असल्यामुळे वळणावळणाच्या घाटरस्त्याने पलीकडे पोहोचायला साधारण तासभर लागतो, आणि बोट रात्री उशिरा आली तर बस मिळेल अशी आशा न धरलेलीच बरी.

बस मुळातच मोजक्या असल्याने भाड्याची गाडी घेणे सोयीचे ठरते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओकडून काढून घ्यावा. स्कूटर स्वस्त पडते खरी, पण उन्हाळ्यात वाहणारा मेल्तेमी हा उत्तरेचा वारा उघड्या वळणांवर चांगलाच झोंबतो. त्याच वाऱ्यामुळे बोटीही कधी कधी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्स गाठावे. राखेस भागातील ख्रिस्तोस गावात दुकाने संध्याकाळनंतर उघडतात, तेव्हा दुपारचे पाणी आणि खाणे सोबत ठेवावे.