मजला प्रतिनिधी टिकवायचे असतील तर

मुंबईतल्या मानखुर्दची आमची एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारत सात मजली, मजल्यावर दहा घरं. प्रत्येक मजल्याला एक प्रतिनिधी आहे, बहुतेक बायकाच. पाण्याच्या वेळेला पंपाकडे बघणं, मेंटेनन्स गोळा करणं, लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकचा पिच्छा पुरवणं, सगळं बिनपगारी. मी सोसायटीची सचिव म्हणून ठामपणे सांगते: पदरचे पैसे जाऊ लागले आणि वर बोलणीही बसू लागली, की चांगला माणूस काम सोडतो. त्यामुळे सत्काराचं नंतर बघा, आधी या दोन गोष्टी थांबवा.

पैसे आधी द्या. वॉर्ड ऑफिसची रिक्षा, झेरॉक्स, बांद्र्याच्या एसआरए कार्यालयाची फेरी, मोबाईलचा रिचार्ज, यांची बिलं महिनाअखेरीस मागायला बाई संकोचते, मग मागतच नाही. खजिनदाराने फेरीच्या आदल्या दिवशी पैसे हातात ठेवावेत, वहीत सही घ्यावी, परत आल्यावर हिशेब करावा. मानधन द्यायचं असेल तर सर्वसाधारण सभेत रकमेसकट ठराव करूनच द्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते, तेव्हाच विषयपत्रिकेवर घाला. ठरावाशिवाय दिलेल्या पैशाची कुजबुज होते आणि ती त्या बाईलाच सोसावी लागते.

आता बोलण्यांचं. आमच्या लिफ्टशेजारी पाटी आहे: तक्रारी रात्री ८ ते ९, रजिस्टरमध्ये लिहून. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, आग लागली किंवा पाइप फुटला, तरच अवेळी दार वाजवायचं. चौथ्या मजल्यावरच्या ताई पोळ्या लाटत असताना दारात येऊन कुणी पाण्यावरून ओरडायला लागलं, तर त्यांनी एवढंच म्हणायचं, "रजिस्टरमध्ये लिहा, कमिटी बघेल." आणि कमिटीने खरंच बघायचं, दुसऱ्या दिवशी त्याच पानावर उत्तर लिहायचं. आवाज चढलाच तर चेअरमनने स्वतः त्या मजल्यावर जायचं. हे पाळलं नाही तर पाटीला काही अर्थ नाही.

एसआरएचं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळतं, ११ जणांच्या समितीत महिलांना २ जागाही असतात. तरी सभेत खुर्चीवर नवराच दिसतो. सभेची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर ठेवू नका, मुलांना शेजारच्या खोलीत बसवायची सोय करा, आणि मजल्याचा अहवाल जिने काम केलं तिलाच वाचू द्या.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) शिक्षण-प्रशिक्षण निधीसाठी सदनिकेमागे दरमहा १० रुपये घेतले जातात. आमच्या ७० घरांचे वर्षाला ८,४०० होतात. प्रशिक्षणाला फक्त पदाधिकारी पाठवू नका, मजला प्रतिनिधीही पाठवा. पावती, थकबाकी, इतिवृत्त हे समजलं की त्या बोलायला कचरत नाहीत.

आता सत्कार. शाल-श्रीफळ पाहुण्यांना देता, तसं यांनाही द्या, पण काय केलं ते नेमकं सांगा: "तिसऱ्या मजल्याची जुनी थकबाकी यांनी दारोदार जाऊन वसूल केली." हेच वाक्य इतिवृत्तात नावासकट लिहा. २६ जानेवारीला झेंडा प्रतिनिधीच्या हातून फडकवा, घरच्यांना पुढे बसवा. हिशेब लिहिणाऱ्या तरुण मुलीला सोसायटीच्या लेटरहेडवर कामाचं पत्र द्या, त्यात ती काय काय करते ते लिहा. नोकरीच्या मुलाखतीत ते तिच्या उपयोगी पडतं.

आणि दर वर्षी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारा, पुढे करायचं आहे का. नाही म्हणाली तर कारण विचारत बसू नका. नव्या प्रतिनिधीला दोन आठवडे तिच्याबरोबर फिरू द्या, मग पंपाच्या खोलीची किल्ली आणि रजिस्टर सही घेऊन हाती द्या.