रोमच्या चर्चमध्ये दडलेली प्राचीन इमारत कशी ओळखावी

प्रथम दर्शनी भागातील खांब व त्यांवरील शिलालेख पाहावेत, मग जमिनीची पातळी. फोरममधील, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य सार्वजनिक चौकातील, सान लोरेंझो इन मिरांदा या चर्चसमोर सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या मंदिराचे खांब आजही उभे आहेत. चर्चचा दरवाजा मात्र पायऱ्यांच्या बराच वर, अधांतरी दिसतो, कारण तो बसवला तेव्हा फोरम मातीने भरलेला होता आणि उत्खनन नंतर झाले. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या स्नानगृहात मायकेलअँजेलोने योजलेल्या सांता मारिया देली आंजेली चर्चमधील ग्रॅनाइटचे आठ मूळ खांब बुंध्यापाशी न्याहाळावेत; फरशी उंचावल्याने त्यांचा खालचा भाग गाडला गेला आहे. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरामध्ये एवढी शोधाशोध लागत नाही: इ. स. ६०९ च्या सुमारास त्याचे चर्च झाले, म्हणूनच तर ते जवळजवळ अखंड उरले.