नांदूर मधमेश्वरला पाणवेली काढायला येणाऱ्या नवख्यांसाठी

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेव्हा तेथील काम म्हणजे दुर्बिणीतून पक्षी पाहणे, अशा समजुतीने येणाऱ्याला लवकरच पाणवेलीत, म्हणजे जलपर्णी या तरंगत्या तणात, कमरेएवढे उतरावे लागते. पाठ मोडते, माझी अजूनही मोडते.

पाणवेल ओढून काढणे अवघड नाही. काढलेली वेल टाकायची कुठे, येथे सारे काम फसते, आणि हे मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नव्हते. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्यामुळे माणसे दमतात आणि ओला ढीग काठावरच राहतो. तो मेलेला नसतो; पाणी चढले की त्यातील हिरवे गड्डे पुन्हा तरंगू लागतात. शिवाय मूळ रोपापासून फुटलेल्या धुमाऱ्याच्या टोकाला एक छोटे पिल्लू असते. ओढताना धुमारा तुटतो, पिल्लू निसटते आणि भरपूर ऊन व मैलापाणी मिळाल्यास पंधरवड्यात त्याची दोन होतात. बी तर गाळात वर्षानुवर्षे टिकते. म्हणून वेल फुलण्यापूर्वी काढावी, पूररेषेबाहेर पातळ पसरून कडकडीत वाळवावी आणि वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. काठावरच्या बेशरम या झुडपाचीही तीच गत आहे, कारण त्याची तोडलेली कांडी ओल्या मातीत रुजते. मात्र पाण्यावरची सगळीच हिरवळ सरसकट खरवडू नये. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो.

तणनाशक सुचवणारे शहाणे भेटतीलच. फवारणीनंतर कुजणारा थर पाण्यातील प्राणवायू संपवतो आणि मासे मरतात, तेव्हा अशांना दुरूनच नमस्कार करावा. सल्ला मासेमाराचा घ्यावा. कोणत्या वाऱ्याने थर कोणत्या काठाला लागतो हे तो जाणतो, आणि काठाला लागलेला थर काढणे पुष्कळ सोपे जाते. नाशिकचे सांडपाणी गोदावरीतून येत राहील तोवर वेल परत येणारच. ते आपले अपयश मानू नये.

भटकी कुत्री जमिनीवरची टिटवीची अंडी फस्त करतात, हे खरे आहे. तरीही त्यांना मारण्याचा विचारसुद्धा करू नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडण्याची तरतूद आहे. त्यामुळे काठावर पडणारी कोंबडी-मासळीची घाण बंद करणे हाच खरा उपाय उरतो, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या बैठकांना चिकाटीने बसावे लागते.