पोर्ट्रेट शिकायचंय? आधी समोर माणूस बसवा

निकाल लागले की आमच्या क्लासला दोन-चार नवी मुलं येतात. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असते, हातही चांगला असतो. मोबाइल पुढे करून विचारतात, "सर, ही स्टाइल किती महिन्यांत येईल?" स्क्रीनवर कधी पेन्सिलीत केसन् केस काढलेला हिरो असतो, तर कधी नाइफनं, म्हणजे रंगाच्या सुरीनं, रंगाचे थर चढवलेला परदेशी म्हातारा. मी विचारतो, "सकाळी अर्धा तास तुझ्यासमोर कोण बसेल? आजी बसेल का?" पोरं गोंधळतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारखी जी क्लासपर्यंत पोचत नाहीत, त्यांच्यासाठी. सोलापुरात राहून सतरा वर्षं मी व्यक्तिचित्रं करतोय. घर त्यावरच चालतं.

माझी सुरुवात मामांकडे झाली. मामा सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर खडूनं मारायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. अर्धं नाक एका चौकटीत, उरलेलं शेजारच्या. शिडीवर उभं राहून बघितलं तर नुसते निळे-पिवळे पट्टे, रस्ता ओलांडून बघितलं की हिरो हसताना दिसायचा. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आधी सिनेमाचे बोर्डच रंगवत होते, हे मामा अभिमानानं सांगायचे. फ्लेक्स आला आणि मामांचं काम बंद पडलं. पुढे चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराबद्दल वाचलं तेव्हा मामा आठवले. क्लोजही चौकटी आखूनच माणसापेक्षा मोठे चेहरे रंगवायचे. त्यांना चेहरे ओळखता न येण्याचा आजार होता. समोरचा माणूस लक्षात राहायचा नाही, पण सपाट चित्रात उतरला की राहायचा. 1988 मध्ये मानेखालचं बरंचसं शरीर लुळं पडल्यावरही हाताला ब्रश बांधून ते चौकटी भरत राहिले. पद्धत तीच, पण मामांना ती पोटासाठी लागली आणि क्लोजना माणसं लक्षात ठेवण्यासाठी. शैली कुठून येते, असं कोणी विचारलं की मी ही जोडी सांगतो.

पहिल्या मोठ्या ऑर्डरनं मला जे शिकवलं, ते कुठल्याच वर्गात मिळालं नसतं. ओळखीतल्या एका काकूंचे यजमान गेले होते. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेला माणूस. फोटो एकच, पासपोर्ट साइजचा, तोही स्टुडिओवाल्यानं घासून गोरा केलेला. मी तीन आठवडे राबलो आणि फोटो हुबेहूब उतरवला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "छान काढलंस रे बाळा. पण हे माझ्याकडे बघत नाहीयेत."

ते वाक्य घेऊन मी परत त्यांच्याच घरी गेलो. ते कसे बसायचे, ऐकताना काय करायचे, रागावले की काय व्हायचं, सगळं विचारलं. काकू म्हणाल्या, तुटलेला धागा शोधायची सवय होती ना, कोणाकडेही बघताना डावा डोळा थोडा बारीक करायचे. मग मी त्यांच्या धाकट्या भावाला दोन सकाळी समोर बसवलं. कातडीचा खरा रंग, कानाची ठेवण, गळ्यावरच्या शिरा तिथून घेतल्या आणि डावा डोळा बारीक केला. काकूंनी ते चित्र देवघरासमोरच्या भिंतीवर लावलं.

सोलापूरसारख्या गावात निम्म्याहून जास्त कामं गेलेल्या माणसांचीच येतात, हे आधीच सांगून ठेवतो. ऑर्डर घेताना एका फोटोवर भागवू नका, लग्नातले, जत्रेतले, रेशनकार्डावरचे, मिळतील तेवढे मागा. निम्मे पैसे आधी घ्या, अगदी घरच्यांकडूनही. एका संस्थेनं माझ्याकडून सात चित्रं करून घेतली आणि दोनांचेच पैसे दिले. तेव्हापासून कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी कॅनव्हास ताणत नाही.

स्वतः फोटो काढणार असाल तर मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. जवळून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सात-आठ फूट मागे सरा आणि मग झूम करा. पण खरं शिक्षण जिवंत माणसासमोरच होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात दहानंतर ऊन इतकं पांढरं होतं की सावलीतला रंगच मरतो, म्हणून सात ते साडेनऊ ही वेळ धरा. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. वीस मिनिटं बसवायचं, पाच मिनिटं सोडायचं. खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा करा, नाहीतर चहानंतर अख्खी मान बदललेली असते. आणि डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, हे पट्टीनं मोजून बघा. नव्या मुलांच्या चित्रात कपाळ नेहमी कापलेलं असतं.

रंगाचं एक सांगतो, कारण ते मला फार लागतं. दुकानात फ्लेश टिंट नावाची गुलाबी ट्यूब मिळते. ती घेऊ नका. आपल्या घरात तो रंग कुणाचाच नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन आणि थोडा लाल यांतून सोलापूरचा कुठलाही चेहरा होतो. पांढरा मात्र जपून वापरा, तो जास्त झाला की माणूस पिठात लोळल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक "जरा उजळ करा" म्हणेल. मी आता नम्रपणे नाही म्हणतो. अमेरिकन चित्रकार अ‍ॅमी शेराल्ड यांनी 2018 मध्ये मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट केलं, त्यात कातडी राखाडी छटांत रंगवली आहे. बघणाऱ्यानं आधी रंग न मोजता माणूस बघावा, असं मला ते बघून वाटलं. आपण तसंच करायला पाहिजे असं नाही, पण कातडीचा रंग हा विचार करून घ्यायचा निर्णय आहे, एवढं त्यावरून कळतं.

आता त्या मोबाइलमधल्या स्टाइलींबद्दल. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी लंडनच्या रॉयल अकादमीत 2016 मध्ये 82 पोर्ट्रेट मांडली. खुर्ची एकच, प्रत्येकाला साधारण तीन दिवस. एक पाहुणा आला नाही म्हणून त्या दिवसांत त्यांनी फळं रंगवली आणि तेही चित्र लावलं. याच हॉकनींचं पोर्ट्रेट करताना चित्रकार लुशियन फ्रॉइड यांनी त्यांना शंभरावर तास बसवलं होतं. एकाचा रंग लख्ख आणि सपाट, दुसऱ्याचा चिखलासारखा थरावर थर. तीन दिवसांत जे दिसतं आणि कित्येक महिन्यांत जे दिसतं, ते वेगळंच असणार. ब्रिटिश चित्रकार लिनेट यिआडम-बोआके तर समोर कुणालाच बसवत नाहीत, त्यांची माणसं मनातली असतात. जोनाथन यो यांचं 2024 मधलं राजे चार्ल्स यांचं लालेलाल चित्र तुम्ही पाहिलं असेलच. त्यावर लोक खूप भांडले. मला त्यातला चेहरा आवडतो, भोवतालचा लाल नाही.

जवळची नावं घेतो. मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांना अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइज 2006 मध्ये मिळालं ते पत्नीच्या चित्रासाठी. जगाचं बक्षीस घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर मिळालं, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो. सुधीर पटवर्धन पेशानं रेडिऑलॉजिस्ट होते, ठाण्यात दवाखाना चालवता चालवता कामगार आणि लोकलमधली माणसं रंगवत राहिले. त्यांच्या माणसांची शरीरं थकलेली आणि वजनदार दिसतात. दिवसभर शरीरं तपासणाऱ्या माणसाचा हात तिथं जाणवतो.

चित्रं प्रत्यक्ष बघायला सोलापुरात फार काही नाही, प्रवास करावाच लागतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जा आणि बालगंधर्व रंगमंदिरातली चित्रकार गोपाळ देऊसकरांची बालगंधर्वांची चित्रं जवळून बघा. सातारा जिल्ह्यात औंधचं संग्रहालय आहे, तिथं रविवर्मा बघायला मिळतात. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला उतरलात तर जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. डिग्री करायची असेल तर बीएफए या कलेच्या पदवीसाठी सीईटी द्यावी लागते, त्याची तयारी बारावीतच सुरू करा. डिग्रीनं ऑर्डरी येत नाहीत, पण मॉडेलसमोर बसायला मिळतं. मला ते मिळालं नाही, त्याची खंत अजून आहे.

गेल्या वर्षी मी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका आजींचं चित्र केलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, वर पत्र्याचं छप्पर. पहिल्या दिवशी त्या माझ्यासाठी बसल्या होत्या. पदर नीट, तोंड घट्ट, फोटोला बसल्यासारख्या. चित्र मेलेलंच झालं. दुसऱ्या दिवशी हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या, त्या मला विसरल्या. मान खाली, खालचा ओठ किंचित पुढे, पापण्या इतक्या खाली की डोळे जवळजवळ मिटलेले. ते मी भराभर घेतलं. पत्र्याच्या फटीतून आलेला उजेडाचा एक पट्टा गालावरून सुपात उतरत होता, तोही घेतला.

चित्र पुरं झाल्यावर दाखवायला गेलो. चेहऱ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हाताकडं बोट दाखवून म्हणाल्या, "दोरा या बोटात नसतो, बाबा." शेजारच्या दोघी जवळ आल्या आणि त्याही तेच म्हणाल्या. मी आजींना पुन्हा एक विडी वळायला सांगितली, बोटं नीट बघून घेतली आणि घरी आल्यावर तो हात पुसून परत रंगवला.